दुमडलेली पानं

हॉस्पिटलात जायला निघताना माणूस बायकोला काय सांगेल? दारं नीट लाव, औषधं घे, स्वतःची काळजी घे. डेरेकने गाडीत बसता बसता एकच सांगितलं, "ग्लेनिस, माझ्या तळ्याला हात लावू नकोस." छाती उघडून हृदयातली झडप बदलायची होती, आणि या माणसाला घोर कशाचा, तर परसातल्या डबक्याचा! ग्लेनिसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने गाडीचं दार असं आपटलं की गाडीचा मालक, शेजारचा नेव्हिल, नुसता तिच्याकडे बघत राहिला.

डबकं हा ग्लेनिसचा शब्द. डेरेकचा शब्द तळं. गेली सात वर्षं त्या घरात एकाच पाण्याला दोन नावं होती आणि दोघांपैकी कोणीही माघार घेतली नव्हती. डेरेकचं सगळं आयुष्य चुनखडीच्या खाणीत सुरुंग लावण्यात गेलं. निवृत्त झाला आणि त्याला शांतता हवीशी झाली. ग्लेनिसने गुलाबाच्या नव्या वाफ्यासाठी जी जागा मनात धरली होती, नेमकी तीच त्याने खणली, रबरी कापड अंथरलं आणि पावसाच्या पाण्याने भरून टाकली. इंग्लंडातल्या डर्बीशरमध्ये पावसाला काय तोटा! ग्लेनिस तेव्हा बहिणीकडे चार दिवस गेली होती. परत येऊन बघते तर वाफ्याच्या जागी पाणी. ते दुखणं तिच्या मनातून कधी गेलंच नाही. गावच्या फुलांच्या प्रदर्शनात तिच्या गुलाबांना दरवर्षी काही ना काही बक्षीस असायचं, पण पहिला चषक हुकला की ती डबक्याकडे बोट दाखवायची.

बरं, तळं तरी देखणं असावं! नेव्हिलकडेही तळं होतं. त्यात पंप, कारंजं, लाल-पांढरे मासे आणि काठावर दगडी परी. दिवसभर पंपाची घुर्र घुर्र चाले, पण पाणी आरशासारखं. डेरेकच्या तळ्यात पंप नाही, गाळणी नाही, मासा नाही. तळाशी गाळ, वर टिकल्यांएवढ्या हिरव्या पानांचा थर, काठावर रानगवत माजलेलं. नेव्हिलने आपला जुना पंप फुकट देऊ केला तेव्हा डेरेक म्हणाला होता की पाण्याला पंप लागतो म्हणजे पाणी आजारी आहे. नेव्हिलला ते फार लागलं. दोन आठवडे त्याने कुंपणावरून गप्पा मारल्या नाहीत.

आणि गंमत बघा, काही करायचं नाही म्हणता म्हणता हा माणूस तासन्‌तास त्या पाण्याशी गुडघे टेकून असायचा. पाणी आटलं तर नळाचं घालायचं नाही, पन्हाळीखालच्या पिंपातलंच घालायचं. नळाच्या पाण्याने शेवाळ माजतं म्हणे. शेवाळाच्या जटा वाढल्या की काठीला गुंडाळून ओढायच्या, पण लगेच टाकायच्या नाहीत. रात्रभर काठावर ठेवायच्या, म्हणजे त्यांत अडकलेले जीव आपापले पाण्यात परततात. सगळं तळं एकदम साफ करायचं नाही, आज हा कोपरा तर पुढल्या वर्षी तो. ग्लेनिस म्हणायची, "घरातली खोली अशी आवरलीस तर मी तुला उंबऱ्याबाहेर काढीन." तो हसायचा. एरवी फारसा हसणारा माणूस नव्हे.

त्याचा आणखी एक कडक नेम होता. बाहेरून काही आणायचं नाही. बेडूक आपण होऊन आले, चतुर आले, पाणकिडे कुठून आले देव जाणे. फक्त न्यूट आले नाहीत. न्यूट म्हणजे दिसायला पालीसारखा, पण बेडकाच्या भावकीतला, पाण्यात अंडी घालणारा प्राणी. डेरेकच्या लहानपणी खाणीजवळच्या प्रत्येक खड्ड्यात न्यूट असत. बरणीत भरून आणून देतो, असं खाणीतल्या एका मित्राने दोनदा सांगितलं. डेरेकने दोन्ही वेळा नाही म्हटलं. ज्याला यायचंय तो पायी येईल, असं त्याचं म्हणणं. दर वसंतात संध्याकाळी विजेरी घेऊन बघायला जायचा आणि पडल्या चेहऱ्याने परत यायचा. ग्लेनिस विचारायची, "आले का तुझे पाहुणे?" कधी चिडवायला, कधी खरंच. तिलाही त्याचा तो चेहरा बघवत नसे. पण या वर्षी आजारपणाच्या गडबडीत विचारायचं राहूनच गेलं होतं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी ग्लेनिस घरात बसू शकेना. संध्याकाळपर्यंत फोन येणार नाही, असं हॉस्पिटलवाल्यांनी सांगितलं होतं. नेव्हिल म्हणाला, चल, तिथं जाऊन बसू. ती नको म्हणाली. तिथल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून आपला जीव जाईल, त्यापेक्षा हातांना काम बरं. ती गुलाबांकडे वळली. मे महिना, नवी पालवी, आणि दरवर्षीप्रमाणे पानं गुंडाळणारी ती मेली माशी हजर. ही माशी पानात अंडी घालते, पान कडेने वळून सुरळी होतं आणि आत अळी पोसली जाते. गुलाबवाल्यांना त्यावर एकच इलाज ठाऊक. वळलेलं पान दिसलं की चिमटीत धरून खुडायचं आणि बादलीभर पाण्यात टाकायचं. त्यात भांडी घासायच्या द्रवसाबणाची एक धार सोडायची, म्हणजे आतला जीव हमखास मरतो. ग्लेनिसचे हात हे काम झोपेतही करतील.

गुलाब संपले तरी दुपार काही संपेना. सर्जनने छाती आत्ता उघडली असेल का? आता हृदय थांबवलं असेल का? ते परत चालू कसं करतात? असल्या विचारांनी तिचं डोकं भणाणून गेलं. चालता चालता ती डबक्यापाशी आली. काठाला, निम्मी पाण्यात उभी, निळ्या बारीक फुलांची फरगेट-मी-नॉट होती. तिची पानं दुमडलेली! एक नाही, दोन नाही, पाण्याखालची अख्खी फांदीच्या फांदी. पानांची टोकं आतल्या अंगाला घडी घातल्यासारखी.

"इथंही आलीस का गं भवाने!" ग्लेनिस त्या माशीला म्हणाली.

हात लावू नकोस म्हटलेलं तिला आठवलं नाही असं नाही. पण कीड ती कीड. इथून उद्या गुलाबांवर परत चढली तर? आणि खरं सांगायचं तर आज तिला डेरेकसाठी काहीतरी करायचं होतं. ऑपरेशनच्या टेबलावर पडलेल्या नवऱ्यासाठी बायकोने काय करावं? त्याच्या लाडक्या डबक्यातली कीड तरी काढावी. बाह्या सरसावून ती ओणवी झाली आणि एकूण एक दुमडलेलं पान खुडलं. दुसरी बादली पिंपाच्या पाण्याने भरून त्यात ती टाकली, बादली बागेतल्या खोपटामागे सावलीत ठेवली आणि साबण आणायला ती घरात गेली. तेवढ्यात फोन वाजला.

ऑपरेशन नीट पार पडलं होतं. झडप बसली होती, हृदय आपलं आपण चालत होतं. ग्लेनिस जिन्याच्या पायरीवर बसली आणि रडली, पोटभर रडली. मग नेव्हिलला सांगायला धावली. नेव्हिलचेही डोळे भरून आले. पंपाचा अपमान विसरून त्याने घरातली ठेवणीतली बाटली काढली.

पण सुटका झाली असं वाटेपर्यंत दुसरंच सुरू झालं. डॉक्टर म्हणत, हृदय उत्तम आहे. माणूस मात्र उठेना. व्यायाम शिकवणारी मुलगी रोज येई, दोन पावलं तरी टाका म्हणे. डेरेक भिंतीकडे तोंड करी. जेवण तसंच परत जाई. खोकला आला तर छातीशी उशी घट्ट धरायला सांगितली होती, ती उशी धरून तो नुसता पडून राही. ग्लेनिस रोज नेव्हिलच्या गाडीतून जायची, गावातल्या गोष्टी सांगायची, चिडवून बघायची. त्याचं लक्ष नसायचं. मुख्य नर्सने तिला बाजूला घेऊन सांगितलं, असं पडून राहिले तर फुफ्फुसात पाणी धरेल. मोठ्या ऑपरेशननंतर काही माणसांचं मनच उभारी धरत नाही. यांना घरची कशाची ओढ आहे का? परसातल्या डबक्याची, हे सांगायची ग्लेनिसला लाज वाटली. माझी आहे, असं म्हणायचा धीर तिला झाला नाही.

आणि मग एका सकाळी घरी डेरेकचाच फोन आला. आवाज बारीक, पण त्यात कितीतरी दिवसांनी थोडा जीव होता.

"तुला एक सांगायचं राहिलं. तू हसशील म्हणून बोललो नाही," तो म्हणाला. "निघायच्या आधी मी विजेरी घेऊन गेलो होतो. आलेत, ग्लेनिस. जोडी आहे."

"कोण आलंय?"

"न्यूट. माझ्या डोळ्यांनी बघितलेत. मादी अंडी घालत होती. एकेक अंडं एकेका पानात ठेवते आणि मागच्या पायांनी पान दुमडते. माणूस पाकीट बंद करतो ना, अगदी तसं. काठच्या फरगेट-मी-नॉटवर बघ. दुमडलेली पानं दिसतील. उघडू नकोस हां. नुसती बघ आणि मला सांग, आहेत का."

ग्लेनिसला ती बादली आठवली. बघते, एवढंच तिच्या तोंडून निघालं. फोन कसा ठेवला ते तिलाही कळलं नाही.

बागेत जायला तिचा पाय उचलेना. काय बघायचं होतं तिथं? सात वर्षं वाट बघितलेला पाहुणा स्वतःच्या पायांनी आला, पोरांना पाकिटात घालून ठेवून गेला, आणि तिने? तिने ती एक न सोडता खुडली आणि साबणाच्या पाण्यात बुडवून मारली. गुलाबवाल्या बाईचा हात! नवरा सर्जनच्या सुरीखाली असताना तिने त्याचा एवढा एकच शब्द मोडला होता. सांगावं तर तो पुन्हा भिंतीकडे तोंड करणार आणि या वेळी वळणार नाही. न सांगावं तर घरी येऊन आधी तिथंच गुडघे टेकणार. दोन्हीकडून तोंड काळंच.

शेवटी ती खोपटामागे गेली. बादली होती तिथंच होती, पानं वर तरंगत होती. तिने मान फिरवली. मग पुन्हा बघितलं. पानं हिरवी होती. साबणाच्या पाण्यात पडलेली पानं काळपट, बुळबुळीत होतात, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? ती वाकली, बोट बुडवलं. बोटाला बुळबुळ लागली नाही. हुंगून बघितलं तर नुसता पावसाच्या पाण्याचा, थोडा मातीचा वास. साबण विरला असेल, म्हणून तिने मन आवरलं. उगाच आशा धरून काय उपयोग?

पण मग ती तरातरा स्वयंपाकघरात गेली. साबणाची बाटली सिंकवर नव्हती. हो की! इतके दिवस ती दोन-चार बशा हात धुवायच्या वडीनेच घासत होती. चहा नि टोस्टवर दिवस काढणाऱ्या बाईला भांडी असणार तरी किती? बाटली संपली असेल असं समजून तिने शोधलीही नव्हती. आता तिने कपाट धुंडाळलं, कचऱ्याचा डबा उलथला, बाथरूममध्ये बघितलं. नाही. ती जिन्यापाशी येऊन उभी राहिली आणि तिची नजर फोनच्या टेबलाकडे गेली. डेरेकच्या टोपीच्या आड, फोनला टेकून बाटली उभी होती. जवळजवळ भरलेली. झाकण पिळून बंद.

ग्लेनिस त्याच पायरीवर बसली, ज्या पायरीवर त्या दिवशी रडली होती. म्हणजे साबण हातात घेऊन ती निघाली होती, फोन वाजला, बाटली टेबलावर ठेवली, आणि डेरेक जगला या आनंदात ती बाटली, ती बादली, ती माशी, सगळं विसरली. तिने बाटलीचा मुकाच घ्यायचा बाकी ठेवला.

डेरेकचं भिंग घेऊन ती बादलीशी बसली. पानं उघडायची नव्हती. पण एका पानाची घडी आपोआप थोडी सुटली होती. आत साबुदाण्याएवढा काचेसारखा मणी आणि त्या मण्यात स्वल्पविरामाएवढा वाकलेला जीव. ती भिंग आणखी जवळ नेऊन बघत राहिली. जीव वळला. कूस बदलावी तसा वळला.

"नेव्हिल!" ती कुंपणावरून इतक्या मोठ्याने ओरडली की नेव्हिल दाढीचा फेस तसाच घेऊन बाहेर आला. त्याने भिंगातून बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाला की आपल्या पंपाने असलं काही असतं तर केव्हाच गिळून टाकलं असतं. एवढं त्याने कबूल करणं ही लहान गोष्ट नव्हती. तिला हॉस्पिटलात न्यायला त्याने गाडी काढली तेव्हा एका गालावरची दाढी तशीच राहिली होती.

वाटेत तिने ठरवलं, आज काही बोलायचं नाही. घरी आला की सावकाश सांगू. डेरेक उशी छातीशी धरून पडला होता. बाजूला भाताच्या खिरीची वाटी न शिवता ठेवलेली. ती आत येताच त्याने मान वळवली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"बघितलंस?"

"बघितलं. तुझ्या तळ्यात अगदी..."

डेरेकचे डोळे बारीक झाले. "काय केलंस?"

"कुठं काय?"

"तू तळं म्हणालीस. सात वर्षांत कधी म्हणाली नाहीस. काय केलंस, ग्लेनिस?"

आता काय लपवणार! तिने सगळं सांगून टाकलं. ती माशी, ते खुडणं, ती बादली, ती पायरी. डोळ्यांतून धार लागली होती, नाक ओढत होती आणि सांगत होती. डेरेक ऐकत होता.

"थांब," तो म्हणाला. "म्हणजे मारण्यासाठी तू त्यांना पाण्यात टाकलंस?"

"हो."

"न्यूटना?"

"हो रे, म्हटलं ना."

"न्यूटना बुडवून मारायला निघालीस?"

त्याचे खांदे हलायला लागले. आधी तिला वाटलं रडतोय. मग त्याने उशी गच्च आवळली आणि "आई गं" असं कण्हत, डोळे मिटून, तोंड उघडून तो हसायला लागला. टाक्यांवर ताण येत होता, कळ येत होती, तरी हसू आवरेना. नर्स धावत आली. ग्लेनिसने तिला हातानेच थांबवलं. तीही हसत होती, आणि मघाचं रडं अजून पुसायचं होतं.

शेवटी डेरेकने दम घेतला. बादली सावलीत आहे का, त्याने विचारलं. आहे, ती म्हणाली. पाणी पिंपातलंच ना? पिंपातलंच. पिल्लं अंड्यातून निघाली की त्यांना कोवळ्या पाणकिड्यांचं खाणं लागतं, ते कोण देणार? ती म्हणाली, तू सांग, मी देते.

डेरेकने तिच्याकडे नीट निरखून बघितलं.

"तू?" तो म्हणाला. "तू त्यांना आंघोळ घालशील." मग त्याने पांघरूण बाजूला सारलं आणि एक पाय सावकाश पलंगाखाली सोडला. "माझ्या सपाता कुठं ठेवल्यात त्या पोरीने? बघ जरा. आणि ती खीर पण दे इकडे."

ग्लेनिसने खाली वाकून सपाता काढल्या आणि एकेक करून त्याच्या पायांत घातल्या.